नीलम्माचं रक्त

१२ ऑक्टोबर २०१८

टीबीच निघाला. चौसाळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी थुंकीचा अहवाल वाचला आणि माझ्याकडे न बघता आमच्या ह्यांनाच सगळं सांगितलं, जणू खोकला मला नसून मन्मथरावांना होता. सहा महिने गोळ्या, एक दिवस चुकवायचा नाही, तोंडाला रुमाल, निजायला मोकळ्या हवेची खोली.

पोळ्यापासून खोकतेय. घरात सगळे म्हणायचे, पाऊस नाही, धूळ उडतेय, साऱ्या गावाला खोकला आहे. मीही तेच म्हणत राहिले. गावच्या महिला दूध संस्थेची मी सचिव. दोन्ही वेळचं दूध माझ्या हाताखालून जातं. मी आजारी आहे म्हटल्यावर दूध कोण घालणार?

घरी आलो तर आत्याबाईंनी आमच्या दुकानामागची खोली झाडून ठेवली होती. माझं ताट, माझा तांब्या तिथे आधीच जाऊन बसला होता. ताटानं काही होत नाही, हवेतून होतं, असं डॉक्टर म्हणाले होते. पण सासूला कोण शिकवणार! माझी लीला पाच वर्षांची. ती माझ्याकडे झेपावली तेव्हा जावेनं, नीलम्मानं, तिला मागच्या मागे उचललं. उचलायलाच हवं होतं. पण लीला एकदा रडली आणि लगेच तिच्या खांद्यावर गप्प झाली.

कालच खोकल्यातून रक्त पडलं होतं. रात्री कुणीतरी जवळ पाहिजे, यावर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग नीलम्मा म्हणाली, "मी निजते अक्कापाशी." दीर, सिद्धेश्वर, तिच्यावर डाफरले, "कावून? तूच कावून?" ती म्हणाली, "मग कोण?"

मला बरं वाटलं असं इथे लिहायला हवं. दुकानाला कंपनीकडून फुकट आलेली ही डायरी कुणी वाचणार नाही, म्हणून खरं लिहिते. मला वाटलं, हिनं सगळ्यांसमोर चांगलं म्हणवून घ्यायची संधी बरोबर साधली.

२१ ऑक्टोबर

गोळ्या पोटात गेल्या की ढवळून येतं. लघवी केशरी होते. दवाखान्याची आशाताई रोज समोर उभी राहून गोळ्या गिळायला लावते.

संस्थेच्या अध्यक्ष सुंदरबाई आल्या. अंगणातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तुमी बऱ्या होईस्तवर माप नीलम्माकडं देतो, घरातलं घरातच ऱ्हाईल. मी काय बोलणार? नीलम्माला दुधाचं फॅट काढायला मीच शिकवलं होतं, एका उन्हाळ्यात, माझाच हात दुखत होता म्हणून.

डेअरीची खोली आमच्या परसाला लागून आहे. मागच्या खिडकीतून सगळं ऐकू येतं. माझ्या वेळी बाया रांगेत गप्प उभ्या राहायच्या. आता हसण्याचे आवाज येतात. काय चाललंय ते कळत नाही, कोण हसवतंय ते कळतं.

नीलम्मा रात्री माझ्या खाटेजवळ खाली निजते. खिडकी लावू देत नाही, हवा पाहिजे म्हणते. खोकला आला की उठून पाणी देते आणि पाठीवरून हात फिरवते. हात गार असतो. मी डोळे मिटून घेते, म्हणजे तिला वाटावं मी झोपेत आहे.

१९ नोव्हेंबर

पुण्याहून एक पथक आलंय. टीबीच्या माणसाबरोबर एका छपराखाली राहणाऱ्यांचा ते अभ्यास करतात. मुख्य डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. परवा त्यांनी घरातल्या प्रत्येकाच्या हातावर कातडीखाली सुई टोचली. जंतू शरीरात शिरून गेला असेल तर ती जागा फुगते म्हणे.

आज हात बघायला आल्या. ह्यांच्या हातावर चांगली टणक गाठ. आत्याबाईंच्या, दिरांच्या हातावरही. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की हा आजार नव्हे. जंतू आत येऊन झोपलाय, बहुतेकांच्या शरीरात तो जन्मभर झोपूनच राहतो. आत्याबाईंना यातलं "जंतू आत" एवढंच ऐकू आलं आणि त्या माझ्या खोलीकडे बघून रडायला लागल्या. लीलाचा हात साफ होता, तरी लहान म्हणून तिला खबरदारीच्या गोळ्या सुरू केल्या.

मग नीलम्मानं हात पुढे केला. काही नाही. सुई टोचली ती जागासुद्धा सापडेना.

डॉक्टरीणबाईंनी दोनदा बोट फिरवून बघितलं. तुम्ही कुठे झोपता, म्हणून विचारलं. अक्कापाशी, नीलम्मा म्हणाली. किती जवळ? तिनं खाटेशेजारची आपली चटई दाखवली. डॉक्टरीणबाई जरा वेळ चटईकडे आणि जरा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग बरोबरच्या माणसाला हाक मारली आणि तिच्या दंडातून रक्ताच्या चार-पाच नळ्या भरून घेतल्या.

माझं पण घेतलं. पण माझं घेताना कुणी कुणाला हाक मारली नाही.

२३ नोव्हेंबर

कपिलधारची यात्रा. सगळे दर्शनाला गेले, यंदा धबधब्याला पाण्याची धारसुद्धा नाही म्हणतात. नीलम्मा माझ्यासाठी मागे थांबली. मी म्हटलं, जा की, मी मरत नाही. ती गेली नाही. आत्याबाई येऊन तिला म्हणाल्या, तुझ्या वाट्याचं मी मागून घेतलंय. तिच्या वाट्याचं काय, ते मला ठाऊक आहे. लग्नाला सहा वर्षं झाली, अजून मूल नाही. एकदा राहिलं होतं, ते गेलं. घरात तिच्यापेक्षा माझ्याकडे एवढी एकच गोष्ट जास्त आहे, आणि ती सध्या तिच्याच कडेवर असते.

१० डिसेंबर

पुन्हा पुण्याची जीप. नीलम्माचा हात पुन्हा टोचून बघितला होता, पुन्हा कोरा. पहिल्या रक्तातूनही जंतूची ओळखपाळख सापडली नाही. मी धीर करून डॉक्टरीणबाईंना विचारलं, तिच्या रक्तात असं काय आहे?

त्या माझ्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसल्या. खूप दिवसांनी कुणी बाहेरचं माणूस असं बसलं. म्हणाल्या, आपल्या रक्तात निरनिराळे राखणदार असतात. बहुतेकांना शत्रू कोण ते आधी शिकावं लागतं, त्यात काही आठवडे जातात. पण एक जात अशी आहे की तिला शिकवावं लागत नाही. नैसर्गिक मारक पेशी म्हणतात. आपली एखादी पेशी आतून बिघडली, तिच्यात जंतू लपला, की या तिला ओळखतात आणि जंतूसकट मारतात. आणि बाकीच्यांना हाक देतात. टीबीत या पेशींचं काम किती मोठं आहे, ते आता कुठे दिसायला लागलंय. ज्यांच्या शरीरात जंतू झोपून राहतो त्यांच्या रक्तात या जास्त दिसल्या, आणि आजार उठलेल्यांच्या रक्तात कमी. तुमच्या जावेसारख्या माणसांत त्या काय करतात, ते बघायचंय.

"मग माझ्या कमी आहेत?"

"आता कमी आहेत. आधीपासून कमी होत्या म्हणून आजार उठला, की आजार उठला म्हणून कमी झाल्या, ते आम्हालाच अजून नीट माहीत नाही."

मी मान हलवली. पण मला पक्कं कळलं होतं. जन्मतःच असतात म्हणाल्या ना, न शिकवता. नीलम्माचं सगळं तसंच आहे. भाकरी न शिकता कागदासारखी पातळ येते. लेकरं न बोलावता जवळ जातात. मी बी. ए. होऊन, हिशेब शिकून, सुंदरबाईंची बोलणी खाऊन जी खुर्ची मिळवली तिच्यावर ती नुसती जाऊन बसली. आणि आता रक्तसुद्धा.

आत्याबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या नीलम्माचं रक्त पुण्याला जातंय." नवस फेडायला गेल्यासारखं सांगत होत्या. माझं रक्तही त्याच डब्यातून गेलं, हे कुणी सांगितलं नाही.

१७ डिसेंबर

थुंकी साफ आली. माझ्यापासून आता कुणाला धोका नाही. ह्यांनी पेढे आणले. लीलाला माझ्याजवळ आणून बसवलं. ती माझ्या मांडीवर पाहुण्यांच्या मांडीवर बसतात तशी ताठ बसली.

नीलम्मानं चटई गुंडाळली आणि ती आपल्या खोलीत नवऱ्याकडे गेली. बरोबरच आहे, किती महिने बिचारे दीर एकटे. पण जाताना मागे वळून बघितलंही नाही. काम झालं, चटई उचलली. खोली एकदम मोठी वाटायला लागली.

१५ जानेवारी २०१९

संक्रांत. मला हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही. साफ अहवाल आहे, आशाताईनं घरोघर सांगितलंय, तरीही. नीलम्मा प्रत्येक घरून माझ्या नावाचा तिळगूळ मागून घेऊन आली आणि माझ्या पदरात ओतला. मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं होतं मागायला? ती पदर झटकून आत गेली.

तिळगूळ मी लीलाला दिला. लीला अर्धा तिच्याकडे घेऊन गेली.

४ फेब्रुवारी

नीलम्मा सकाळी उठली नाही. माप घ्यायला सिद्धेश्वर गेले आणि त्यांना फॅट काही जमेना. नंतर मी तिला गोठ्यामागे ओकताना बघितलं. कुणी बघत नाही असं तिला वाटलं होतं. तोंड पुसून, आजूबाजूला बघून घरात आली.

दुपारी पुण्याची जीप आली. नीलम्मा म्हणाली, आता रक्त देत न्हाई, नगं. डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला नेलं. बराच वेळ कुजबुज झाली. रक्त न घेताच बाई उठल्या, तिच्या पाठीवर थोपटलं. मी जवळ गेले तशा दोघीही गप्प झाल्या.

ही शांतता मला ओळखीची आहे. ऑक्टोबरात माझ्यासाठी घरात हीच पसरली होती.

१३ फेब्रुवारी

ती वाळत चाललीय. गळ्याची हाडं दिसतात. भाकरीचा वास आला तरी उठून जाते. चार वाजले की भिंतीला टेकून बसते. लीलानं अंगावर उडी मारली तर आत्याबाई ओरडल्या, तिच्या अंगावर जाऊ नको. मला जशा म्हणायच्या तशाच. दिरांनी बीडहून तिच्यासाठी चिंचा आणल्या. तोंडाला चव नसणार. मलाही नव्हती.

माझ्या खोलीत ती आता येत नाही. उंबऱ्यात उभी राहून ताट सरकवते. मला तोंड दाखवायला लाजत असेल. इतके दिवस कोऱ्या हाताचं कौतुक झालं, आता कोणत्या तोंडानं सांगणार?

तिचे ते राखणदार हरले.

मला वाईट वाटायला हवं. मी वाट बघितली, वाईट वाटलं नाही. जे वाटलं ते असं होतं की पुष्कळ दिवसांनी मला भूक लागली आणि मी दीड भाकरी खाल्ली.

३ मार्च

वच्छलाबाई शेवया करायच्या पाटाचं विचारायला आली. तिचं दूध संस्थेत सगळ्यात जास्त. पाट घेऊन निघताना उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, "नीलम्मा लईच उतरली. बरं न्हाई का काय?"

मी म्हटलं, "माझंही असंच सुरू झालं होतं."

एवढंच म्हटलं. त्यात एक शब्द खोटा नाही.

९ मार्च

संस्थेचं दूध निम्म्यावर आलं. दुष्काळानं आधीच आटलं होतं, त्यात आता बाया खासगी डेअरीच्या गाडीला घालायला लागल्या. छबुबाईनं तर नीलम्माच्या हातून किटली परत घेतली म्हणतात. नीलम्मानं घरी काही सांगितलं नाही, मला खिडकीतून कळलं. आज तिथे कुणी हसत नव्हतं.

सुंदरबाई घाबरल्यात. संस्थेला जनावरांची छावणी चालवायला मिळायची आहे. दूध असं गळालं तर संस्थाच राहत नाही, मग छावणी कोण देणार? आणि छावणी नाही मिळाली तर बायांना म्हशी आष्टीच्या बाजारात नेऊन कसायाच्या भावानं विकाव्या लागतील. परवा शाळेच्या पडवीत बैठक ठेवलीय. मला मुद्दाम निरोप आला, तुमी यायचंच.

मला कशासाठी बोलावलंय ते मला कळतं. इस्त्रीचं लुगडं काढून ठेवलंय.

११ मार्च

बैठक झाली. जमेल तसं लिहिते.

पडवी बायांनी भरली होती. मला पुढे बसवलं, मधोमध. सुंदरबाई माझ्याकडे हात करून म्हणाल्या की महानंदाबाईंचा कागद साफ आहे, त्यांनी माप परत हातात घ्यावं, म्हणजे लोकांच्या मनात शंका राहायची न्हाई. नीलम्माचं नाव त्यांनी घेतलं नाही. पण सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. ती खांबाला टेकून एकटी बसली होती, तिच्या दोन्ही बाजूंनी जागा मोकळी होती. मला पाच महिने जे हवं होतं ते समोर आलं होतं आणि ते इतकं सोपं होतं की मी हातसुद्धा पुढे केला नव्हता.

तेव्हा नीलम्मा खांब धरून उभी राहिली.

"मला टीबी न्हाई," ती म्हणाली. "मला दिवस गेलेत. तिसरा महिना हाय."

तिनं पदर पोटावर ओढला.

"दोनदा पोटातच गेलं. म्हणून पाच महिने होईस्तवर तोंडातून काढायचं नव्हतं. आता तुमीच काढायला लावलं. दूध कुणाच्या बी हातानं मोजा, पण बाहेर घालू नका. म्हशी उपाशी मरतील."

आणि खाली बसली. दोनदा. मला एकच ठाऊक होतं.

वच्छलाबाईनं माझ्याकडे बघितलं. मग तिच्या शेजारणीनं बघितलं. मग एकेक करून सगळ्यांनी.

ओकारी, चिंचा, अंगावर जाऊ नको. मी एका लेकराची आई. मला कसं दिसलं नाही? मला वाटतं, मला दिसत होतं ते मला जे हवं होतं तेच होतं.

संध्याकाळी ती चुलीपाशी होती. आत्याबाई देवळात गेल्या होत्या. तिनं मागे न वळता विचारलं, "तुमी म्हणलात वच्छलाबाईला?"

"हो."

"कावून?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण ते तोंडानं सांगता येण्यासारखं नाही.

ती म्हणाली, "तुमच्यापाशी निजत होते तवा मला भ्या न्हाई वाटलं. आता वाटतंय."

३० मार्च

माप माझ्याकडे आलं. दूध परतलं, छावणीही मिळाली. माळावर बांबू आणि हिरव्या जाळ्या लागल्या, दावणीला सगळ्या गावाच्या म्हशी. बाया रांगेत गप्प उभ्या राहतात, आधी माझ्या वेळी राहायच्या तशा. मी वर बघत नाही. किटली, माप, फॅट, पुढची.

नीलम्मा माझ्याशी बोलत नाही. भांडत नाही, तोंड वाकडं करत नाही. मी खोलीत आले की सावकाश उठून दुसरीकडे जाते.

१८ एप्रिल

शेवटची गोळी घेतली. पुण्याच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. माझ्या रक्तात त्या पेशी भरून आल्यात म्हणाल्या, निरोगी माणसाइतक्या.

मला राहवलं नाही. विचारलं, "नीलम्माइतक्या?"

त्या म्हणाल्या, दुसऱ्याच्या रक्ताचं मला सांगता येत नाही. मग म्हणाल्या, ज्यांना लागणच होत नाही अशा पुष्कळ लोकांचं रक्त आम्ही बघितलं. प्रत्येकात या पेशी जास्तच असतात असं काही नाही. कुणात असतात, कुणात चारचौघांइतक्याच.

"मग त्यांना का होत नाही?"

"माहीत नाही. तेच शोधतोय."

म्हणजे सगळा हिवाळा मी कशावर जळत होते, ते तिच्याकडे आहे की नाही हेसुद्धा कुणाला ठाऊक नाही. यानं मला हलकं वाटायला हवं होतं. उलट राग आला. काही जास्त नसताना वाचली असेल तर ते आणखीच वाईट.

२२ मे

सकाळी टँकर आला म्हणून पुरुष सगळे वेशीवर होते. मी छावणीत दूध घेत होते. नीलम्मा आमच्या म्हशीला पाणी दाखवायला आली होती, ती यायला नको होती, आत्याबाईंनी नको म्हटलं होतं. बादली पडल्याचा आवाज आला. ती दावणीपाशी खाली बसली होती आणि लुगड्याला रक्त लागलं होतं.

मी माप तिथेच टाकलं. कडब्याचा टेम्पो रिकामा होत होता. ड्रायव्हरला म्हटलं, राहू दे पेंढ्या, बीडला चल. वच्छलाबाईनं आणि मी तिला उचलून मागे घातलं. वच्छलाबाई लीलाला बघायला मागे राहिली. मी नीलम्माचं डोकं मांडीवर घेतलं.

ती डोळे मिटून, दात आवळून पडली होती. मी पदर तोंडावर धरला आणि मान बाहेर, रस्त्याकडे वळवून बसले. माझा श्वास तिच्यावर पडू नये म्हणून. साफ अहवाल येऊन कितीतरी महिने झाले, तरी.

मांजरसुंबा गेल्यावर ती म्हणाली, "अक्का, इकडं बघा की."

मार्चनंतरचे पहिले शब्द. मी बघितलं.

"पदर काढा. तुमचं तोंड दिसना."

पोटातलं ठीक आहे. बाळाची वार खाली आहे, असं डॉक्टर म्हणाले, बाळंतपण होईस्तवर खाटेवरून उठायचं नाही.

२० जून

घरात तिचंच राज्य. नीलम्माला ताक, नीलम्माला शहाळं, पाणी विकत घेण्याच्या दिवसांत नीलम्माला रोज बादलीभर. मी आजारी होते तेव्हा माझा तांब्या वेगळा ठेवला होता. तिचा पेला आत्याबाई स्वतः घासतात. लीला तिच्या पोटाला कान लावून बसते आणि आत काय चाललंय ते मला येऊन सांगते. मी ताक ढवळते, लिंबू पिळते, नेऊन देते. देताना जळते. प्यायली की पेला उचलून आणते. जळणं थांबत नाही, पण आता त्याच्यासाठी हातातलं काम थांबत नाही.

काल ती म्हणाली, "बाळंतपणाला तुमी या दवाखान्यात." तिची आई आहे, आत्याबाई आहेत. मी म्हटलं, मीच कशाला? ती म्हणाली, "मी म्हणते म्हणून." तिला भीती वाटत नाही का, हे मी विचारलं नाही.

१५ सप्टेंबर

काल ऑपरेशन करून मुलगी झाली. वेळेच्या जरा आधी, पण चांगली. आत्याबाईंचा चेहरा क्षणभर उतरला, मग त्यांनी विभूती काढून पोरीच्या कपाळाला लावली.

आज सकाळी नर्स म्हणाली, बाळाला बीसीजी द्यायची आहे, कुणीतरी घेऊन या. नीलम्माची आई उठली. नीलम्मा पडल्या पडल्या म्हणाली, "अक्काकडं द्या."

मी पोरीला घेऊन लांब ओसरीतून गेले. नर्सनं दुपट्यातून डावा दंड मोकळा केला. माझ्या बोटाएवढा दंड. मी विचारलं, यानं काय होतं? ती म्हणाली, टीबीच्या जंतूचाच एक दुबळा भाऊ आहे, शरीराला आधीच ओळख करून देतो. मी पोरीला एकदम छातीशी धरलं. नर्सला वाटलं, सुईला घाबरले.

"आई का तुम्ही?"

"मोठी आई."

सुई टोचली. पोर लाल होऊन रडली आणि दंडावर पांढरा टिपका फुगला. मी त्या टिपक्याकडे बघत मनात म्हटलं, बाई, तू आईवर जा. आईच्या रक्तात जे काय असेल, असलं नसलं ते सगळं तुझ्यात येऊ दे. वर्षभर जे मला नाही म्हणून मी रडत होते ते दुसऱ्या कुणाला मिळावं असं पहिल्यांदाच म्हटलं. त्या पोरीसाठीच म्हटलं. नीलम्माला असं काही द्यायची माझी अजून तयारी नाही.

पोरीला नीलम्माच्या खाटेशी आणलं. माझ्याकडे ओरडत होती, नीलम्माच्या हातात गेली तशी गप्प. मला लागायचं ते लागलंच. नीलम्मानं पोरीच्या दंडावरचा टिपका बघितला, माझ्याकडे बघितलं आणि पोर परत माझ्यापुढे धरली.

"घ्या. मला झोप येतीया."

आणि खरंच झोपली, तोंड उघडं टाकून, माझ्या बाजूला वळून.

दुपारभर मी तशीच बसले होते. हे सगळं तिथेच लिहायचं होतं, पण दोन्ही हात गुंतले होते. म्हणून आता घरी येऊन लिहिते.